छताचा पंखा इतकी वर्षं का बदलला नाही?

१ जानेवारी २०२३ पासून देशात विकल्या जाणाऱ्या छताच्या पंख्यांवर वीज किती वाचते ते सांगणारं ताऱ्यांचं लेबल सक्तीचं झालं. एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजला ही सक्ती २०१० पासूनच होती. पंख्यावर त्याआधीही तारे दिसायचे, पण ते कंपनीच्या मर्जीवर. जे यंत्र नाशिकच्या झोपडीपासून गंगापूर रोडच्या बंगल्यापर्यंत सगळीकडे फिरतं, त्याची वीज मोजायला एवढा उशीर का झाला, हे समजून घ्यायचं तर जरा मागे जावं लागतं.

जुन्या नाशकातले वाडे पंख्याशिवाय बांधलेले होते आणि ते पंख्याशिवाय चालत. हात-दीड हात जाडीच्या भिंती, मधला चौक, वर लाकडी कडीपाट आणि त्यावर मातीचा थर. दिवसाचं ऊन अशा भिंतीच्या आतल्या अंगाला पोचेपर्यंत संध्याकाळ होते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे एप्रिल-मेत दुपारी पारा चाळिशीजवळ गेला, तरी रात्री चांगला उतरतो. भिंतीत साठलेली ऊब रात्री चौकातून बाहेर पडायची आणि सकाळी माजघर पुन्हा गार असायचं. वारा हवा असेल तेव्हा हातातला विंझणा किंवा वाळ्याचा पंखा. अक्षय्य तृतीयेला उदककुंभाबरोबर पंख्याचं दान देण्याची रीतही याच उन्हाळ्यातून आली.

वाऱ्यासाठी दुसऱ्याचे हात राबवणं इंग्रजी अमलात सर्रास झालं. कोर्ट-कचेऱ्यांत, बंगल्यांत, छावण्यांच्या बराकींत छताला लाकडी दांडी टांगून तिला कापडाची झालर लावत. तिची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात जाई आणि तिथे बसलेला पंखेवाला ती तासन् तास ओढत राही, कधी हाताने, कधी पायाच्या अंगठ्याला बांधून. नाशिकजवळची देवळालीची छावणी १८६० च्या दशकातली, म्हणजे याच काळातली. या वाऱ्याची किंमत किती होती, ते कोर्टाच्या नोंदींत आहे. डुलकी लागली म्हणून गोऱ्याने पंखेवाल्याला लाथ घालायची, तो मरायचा, आणि ‘त्याची पाणथरी (प्लीहा) आधीच वाढलेली होती’ या कारणावर आरोपी किरकोळ शिक्षेवर सुटायचा, असे खटले एकोणिसाव्या शतकात वारंवार झाले. विजेच्या पंख्याने काय बदललं, ते सांगताना वॉटच्या आधी मला हे सांगावंसं वाटतं.

विजेवर फिरणारा छताचा पंखा अमेरिकेत १८८० च्या दशकात तयार झाला. सिंगर कंपनीच्या शिलाई यंत्रांवर काम करणारा फिलिप डील हा अभियंता त्याचा जनक मानला जातो. शिलाई यंत्राला लावायची मोटर त्याने छताला टांगून तिला पाती बसवली, आणि १८८९ मध्ये त्याला पेटंट मिळालं. कलकत्त्यात १८९९ साली विजेचा पुरवठा सुरू झाला, टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली. वीज पोचली तिथे पाठोपाठ पंखा पोचला. स्वातंत्र्यानंतर देशी कारखान्यांनी तो स्वस्त केला आणि पुढच्या काही दशकांत मध्यमवर्गाच्या घरात दिव्यानंतर येणारी पहिली वस्तू पंखाच ठरली.

त्या पंख्याचं आतलं यंत्र साधं होतं. इंडक्शन मोटर, मधलं वाइंडिंग स्थिर, बाहेरची टोपी फिरती, आणि सुरुवातीचा झटका देण्यासाठी अडीच मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. १२०० मिलिमीटर व्यासाचा पंखा ७० ते ८० वॉट खायचा. तो मजबूत होता, गल्लीतला कोणीही वायरमन तो दुरुस्त करू शकायचा, जळला तर रिवाइंडिंग करून पुन्हा वीस वर्षं चालायचा. या गुणांचं मोल मोठं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण तोट्याची बाजू कुणी मोजलीच नाही. भिंतीवरचा तो जुना, जाड खटक्यांचा रेग्युलेटर आठवा, हात लावला तर गरम लागायचा. आत तारेचं वेटोळं होतं, पंखा हळू केला की मोटरला न दिलेली बरीचशी वीज त्या वेटोळ्यात जळायची. वेग एकवर ठेवून बिल वाचवतोय असं वाटणाऱ्या घरात वाचत फार थोडं होतं. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आल्यावर ही गळती थांबली, तरी मोटर तीच राहिली.

ती बदलली नाही, कारण घेणारा आणि बिल भरणारा बहुतेक वेळा वेगळे होते. घरमालक पंखा लावून देतो, बिल भाडेकरू भरतो. बिल्डर, शाळा, सरकारी कचेऱ्या सगळ्यात कमी दराची निविदा उचलतात. दुकानात गिऱ्हाईक विचारतं ते वारा किती लागतो आणि किंमत किती. वॉट कोणी विचारत नव्हतं, मग कारखान्याने तरी कमी वीज खाणाऱ्या मोटरीवर जादा पैसे का घालावेत?

दरम्यान नाशिकचं घर पार बदललं. सातपूर आणि अंबडला कारखाने आले, सिडकोने नवीन नाशिक वसवलं, वाडे पडून तिथे आरसीसीच्या इमारती उभ्या राहिल्या. पाच-सहा इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि वरच्या मजल्यावर रात्री अकरापर्यंत अंगावर ऊब टाकत राहतो. सहा इंची किंवा त्याहून बारीक भिंत, एकाच बाजूला खिडकी. वाड्याच्या भिंती जे काम फुकट करत होत्या, ते सगळं स्लॅबच्या हुकाला टांगलेल्या ७५ वॉटच्या मोटरीवर आलं. ती मोटर चालवायला कोळसा जळतो तोही शेजारीच. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९७० मध्ये सुरू झाला.

पंख्याच्या वॉटकडे घरोघरी पहिल्यांदा लक्ष गेलं ते भारनियमनात. २००१ साली दाभोळचा वीजप्रकल्प बंद पडला, मागणी वाढत राहिली, आणि २००५ नंतरची काही वर्षं राज्याने तासन् तास वीज नसण्यात काढली. इन्व्हर्टर घेतलेल्या घरात हिशेब रोज समोर यायचा, दोन पंखे लावले तर बॅटरी किती वेळ, एक लावला तर किती. स्वस्त इन्व्हर्टरवर पंखा घरघर करायचा ते वेगळंच.

बदल आला बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस डीसी मोटरीने. यात फिरत्या भागावर कायमचे चुंबक असतात आणि आतलं सर्किट वाइंडिंगला नेमक्या क्षणी वीज देतं, त्यामुळे तेवढाच वारा २८ ते ३५ वॉटमध्ये मिळतो. आयआयटी मुंबईच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी २०१२ साली सुरू केलेल्या ॲटमबर्गने असे पंखे घराघरात नेले, मग जुन्या कंपन्यांनाही यावं लागलं. लेबलचं गणितही साधं आहे. दर मिनिटाला किती घनमीटर हवा, भागिले वॉट. २०२३ च्या निकषांत १२०० मिलिमीटरच्या पंख्याला पाच तारे मिळवायला हा आकडा किमान ६ लागतो. जुन्या ७५ वॉटवाल्याचा तो तीनच्या आसपास येतो.

बारा तास चालणारा ७५ वॉटचा पंखा दिवसाला ०.९ युनिट घेतो, ३० वॉटचा ०.३६. महिन्याला सोळा युनिट वाचतात. महावितरणचा दर १०० आणि ३०० युनिटच्या टप्प्यांवर चढतो, म्हणजे वाचणारी युनिटं आपल्या बिलातली सगळ्यात महाग असतात. युनिटमागे दहा रुपये धरले तरी एका पंख्यामागे महिना १६० रुपये झाले. नाशिकमध्ये पंखा वर्षातले सात-आठ महिने चालतोच, त्यामुळे किमतीतला फरक साधारण दीड वर्षात निघतो.

मात्र पंखा कुठलाही घ्या, तो खोली गार करत नाही. अंगाभोवतीचा घामट, कोंदट थर तो उडवतो, घाम लवकर वाळतो आणि दोन-तीन अंशांनी गार वाटतं. नाशिकचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे इथे हे काम विशेष चांगलं होतं. माणूस नसलेल्या खोलीत फिरणारा पंखा उलट मोटरीची ऊब तेवढी हवेत सोडतो, म्हणून बाहेर पडताना बटण बंदच करावं. तापमान ४० च्या वर गेलं की जागतिक आरोग्य संघटना पंख्यावर विसंबू नका असं सांगते, कारण तेव्हा तो अंगावर गरम हवाच मारतो. अशा दुपारी ओलं फडकं आणि पाणी हवं. रात्री मात्र समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखा लावला, तर स्लॅबची ऊब लवकर बाहेर पडते. एसी असेल तर तो २६-२७ वर ठेवून पंखा मंद लावावा. तापमान एक अंश वर ठेवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. पाती उलट फिरवण्याची सोय काही नव्या पंख्यांत असते. हिवाळ्यात हीटर लावणाऱ्या देशांत छताशी जमलेली गरम हवा खाली आणायला ती उपयोगी आहे. निफाडला पारा दोन-तीन अंशांवर गेला तरी आपल्याकडे घरं तापवत नाहीत, तेव्हा त्या सोयीसाठी जास्त पैसे मोजू नयेत.

सक्तीचं लेबल फक्त नव्या पंख्याला लागतं. शहरातल्या हॉलमधून उतरवलेला जुना पंखा भंगारात क्वचितच जातो. तो गावाकडच्या घरी, गाळ्यात किंवा भाड्याच्या खोलीत पुन्हा टांगला जातो आणि तिथे आणखी पंधरा वर्षं ७५ वॉट ओढतो, बहुधा ज्याला बिल सगळ्यात जड जातं त्याच्याच मीटरवर. एलईडी दिव्यांसारखी पंख्यांचीही सरकारी योजना २०२३ मध्ये ईईएसएल या वीजबचतीचं काम करणाऱ्या सरकारी कंपनीने जाहीर केली, लक्ष्य एक कोटी पंख्यांचं. जुना पंखा जमा करून घेण्याची अट आणि त्याबद्दल चांगली सूट तीत हवी, आणि ती भाडेकरूलाही मिळायला हवी.