अध्ययन-आशय व्यवस्थापन प्रणाली

कर्मचारी-प्रशिक्षणासाठी लागणारा डिजिटल आशय लहान घटकांच्या रूपात तयार करणे, साठवणे, शोधणे व सुधारणे आणि त्या घटकांची जुळणी करून वेगवेगळे पाठ्यक्रम सिद्ध करणे, यांसाठी वापरली जाणारी संगणकीय प्रणाली. ‘लर्निंग कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टिम’ या मूळ नावाच्या आद्याक्षरांवरून तिला एलसीएमएस म्हणतात. प्रशिक्षणार्थींची नोंदणी, पाठ्यक्रमांचे वाटप, गुण व प्रमाणपत्रे यांचा हिशेब ठेवणारी एलएमएस (लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम) ही प्रणाली तिच्याहून वेगळी आहे. एलएमएसच्या केंद्रस्थानी शिकणारी व्यक्ती असते, तर एलसीएमएसच्या केंद्रस्थानी आशय आणि तो लिहिणारी मंडळी असतात. प्रत्यक्षात अनेक उत्पादनांत दोन्हींची कामे एकत्र आढळतात. त्यामुळे निवड करताना उत्पादनाच्या नावापेक्षा त्यातील आशयाची अंतर्गत रचना पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

उगम : ही संज्ञा साधारणपणे १९९० च्या दशकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर लगेच रूढ झाली असावी. तिच्यामागची कल्पना मात्र जुनी आहे. पाठ्यक्रमाची एकके लहान करून ती यंत्रखेळण्याच्या प्रमाणित सुट्या भागांप्रमाणे प्रत्येक शिकणाऱ्यासाठी निराळ्या रीतीने जोडता येतील, असा विचार राल्फ जेरार्ड यांनी १९६० च्या दशकातच मांडला होता. ‘लर्निंग ऑब्जेक्ट’ (अध्ययन-घटक) या शब्दप्रयोगाचे श्रेय सामान्यतः वेन हॉजिन्स यांना देतात आणि त्यासाठी १९९४ हे वर्ष सांगितले जाते. काही अभ्यासक मात्र सुट्या, पुन्हा वापरता येणाऱ्या ‘ऑब्जेक्ट’मधून संगणकीय आज्ञावली रचण्याच्या (ऑब्जेक्ट-ओरिएंटेड) पद्धतीत या कल्पनेचे मूळ शोधतात. कल्पनेची वाढ अनेक ठिकाणी समांतरपणे झाली आणि नाव नंतर स्थिरावले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

अध्ययन-घटक कशाला म्हणावे यावरही एकमत झाले नाही. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या २००२ च्या अधिमाहिती-मानकात (घटकाविषयीची माहिती कशी नोंदवावी हे सांगणाऱ्या मानकात) डिजिटल किंवा अडिजिटल अशी कोणतीही शिक्षणोपयोगी गोष्ट या व्याख्येत बसते. डेव्हिड वायली यांनी २००० मध्येच, हे मानक मसुद्याच्या अवस्थेत असताना, ही व्याप्ती अवाजवी ठरवून पुन्हा वापरता येण्याजोग्या डिजिटल साधनापुरती व्याख्या मर्यादित केली. घटकांना लेगोच्या ठोकळ्यांची उपमा देण्याची प्रथाही त्यांना मान्य नव्हती. ठोकळा कोणत्याही ठोकळ्याला जुळतो, अणू मात्र आपल्या अंतर्गत रचनेनुसार ठरावीक अणूंशीच जुळतो, म्हणून अणूची उपमा त्यांना योग्य वाटली. हा वाद केवळ शाब्दिक नाही. घटकातून संदर्भ जितका काढून टाकावा तितका तो अधिक ठिकाणी वापरता येतो, पण तितकाच तो शिकवण्याच्या दृष्टीने दुबळा होतो. एलसीएमएस निवडणाऱ्या संस्थेपुढचा खरा प्रश्न हाच असतो. सुरक्षा-सूचना, यंत्राची देखभाल, नियमपालन असा अनेक पाठ्यक्रमांत जसाच्या तसा येणारा आशय मोठ्या प्रमाणावर असेल, तर घटकाधारित प्रणालीचा खर्च सार्थ ठरतो. संवादकौशल्य किंवा नेतृत्व यांसारख्या, प्रसंगाशी घट्ट बांधलेल्या विषयांत पुनर्वापर बहुधा अपेक्षेहून कमी होतो. अशा वेळी साधे लेखन-साधन आणि एलएमएस पुरेसे असू शकते.

मानके : विमान-उद्योगातील संगणकाधारित प्रशिक्षणासाठी १९८८ मध्ये स्थापन झालेल्या एआयसीसी या समितीने या क्षेत्रातील वेगवेगळ्या प्रणालींनी एकमेकींशी जुळवून काम करावे यासाठीची आरंभीची मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. ही समिती २०१४ मध्ये विसर्जित झाली. अमेरिकेच्या संरक्षण विभागाशी निगडित एडीएल उपक्रमाने २००० मध्ये स्कॉर्म या, एकदा बांधलेला पाठ निरनिराळ्या एलएमएसमध्ये चालावा यासाठीच्या मानकाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. ऑक्टोबर २००१ मधील स्कॉर्म १.२ आणि त्यानंतरची स्कॉर्म २००४ या दोन्ही आवृत्त्या अजून वापरात आहेत. त्यांतील फरक वरवर किरकोळ भासला, तरी निवडीच्या वेळी तो निर्णायक ठरू शकतो. स्कॉर्म १.२ मध्ये ‘पाठ पूर्ण झाला’ आणि ‘प्रशिक्षणार्थी उत्तीर्ण झाला’ या दोन गोष्टी एकाच स्थिती-नोंदीत येतात. स्कॉर्म २००४ मध्ये त्या स्वतंत्र आहेत. पाठ शेवटपर्यंत पाहूनही चाचणीत अनुत्तीर्ण झालेल्या कर्मचाऱ्याची नोंद वेगळी ठेवणे जेथे आवश्यक असते, तेथे हा भेद महत्त्वाचा असतो. अर्धवट सोडलेला पाठ पुढे चालू करण्यासाठी साठवायच्या माहितीची मर्यादा १.२ मध्ये ४,०९६ अक्षरे, तर २००४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ६४,००० अक्षरे आहे. दीर्घ आणि शाखायुक्त पाठांना पहिली मर्यादा तोकडी पडते.

२०१३ मध्ये एक्सएपीआय या, शिकण्याच्या अनुभवांची नोंद करण्याच्या मानकाची १.० आवृत्ती आली आणि तिच्यामुळे ब्राउझरबाहेर घडणाऱ्या शिकण्याचीही नोंद घेता येऊ लागली. २०१६ च्या सीएमआय-५ या मानकाने एक्सएपीआय आणि एलएमएस यांच्या व्यवहाराचे नियम ठरवून दिले.

निवडीचे निकष : स्कॉर्म-पॅकेज (एलएमएसमध्ये चालवण्यासाठी एकत्र बांधलेला पाठ) हे आशयाचे वितरणाचे रूप आहे, मूळ रूप नव्हे. पॅकेज बांधताना घटकांमधील दुवे, आवृत्त्यांचा इतिहास आणि लेखकांच्या टिपा बहुधा गळून पडतात. म्हणून केवळ ‘स्कॉर्म निर्यात होते’ एवढ्या आश्वासनावर समाधान मानू नये. संपूर्ण भांडार एक्सएमएलसारख्या खुल्या, रचनाबद्ध रूपात बाहेर काढता येते का, हे पाहावे. आयबीएममध्ये विकसित झालेल्या आणि २००५ मध्ये ओएसिस या संस्थेने मानक म्हणून स्वीकारलेल्या डिटा या, दस्तऐवज लहान विषयवार घटकांत लिहिण्याच्या पद्धतीत २०१० पासून प्रशिक्षण-आशयासाठी स्वतंत्र विस्तार आहे. तांत्रिक दस्तऐवज आधीच त्या पद्धतीने लिहिणाऱ्या संस्थांना तिचा विशेष लाभ होतो.

घटक बदलल्यावर तो वापरणारे सर्व पाठ्यक्रम आपोआप बदलावेत की संपादकाच्या संमतीनेच बदलावेत, हा दुसरा कळीचा मुद्दा. आपोआप होणाऱ्या बदलामुळे श्रम वाचतात. मात्र औषधनिर्मिती किंवा विमान-देखभाल यांसारख्या नियंत्रित उद्योगांत कोणत्या कर्मचाऱ्याने नेमकी कोणती आवृत्ती वाचली, हे पुढे दाखवता आले पाहिजे. त्यामुळे तेथे जुन्या आवृत्त्या जतन करणारी आणि मंजुरीचे टप्पे नोंदवणारी प्रणाली श्रेयस्कर ठरते. बहुभाषिक कर्मचारीवर्ग असल्यास अनुवादासाठी एक्सलिफ रूपात देवाणघेवाण होते का आणि मूळ घटक बदलल्यावर फक्त बदललेला भागच अनुवादकाकडे जातो का, हेही तपासावे लागते. अपंग प्रशिक्षणार्थींसाठी डब्ल्यूसीएजी या सुगम्यता-निकषांचे पालन तयार पाठांइतकेच लेखन-साधनातही असणे गरजेचे आहे, कारण आशय लिहिणारी व्यक्तीही अपंग असू शकते. या बाबीकडे अनेकदा दुर्लक्ष होते. परवान्याची आकारणी लेखकसंख्येवर, शिकणाऱ्यांच्या संख्येवर किंवा साठवणीवर केलेली आढळते.

विक्रेत्याने तयार ठेवलेल्या नमुन्यावरून प्रणालीची पारख करणे पुरेसे नसते. संस्थेचा एखादा जुना, गुंतागुंतीचा पाठ्यक्रम घटकांत मोडून, त्यातील एक घटक बदलून, दोन भाषांत प्रसृत करून आणि शेवटी संपूर्ण आशय बाहेर काढून दुसऱ्या साधनात उघडून पाहणे, ही चाचणी कराराआधी घेणे इष्ट. ब्राउझरमध्ये चलचित्रे व संवादी पाठ चालवणाऱ्या फ्लॅश या तंत्राचा आधार २०२० च्या अखेरीस संपला तेव्हा ज्या संस्थांकडे केवळ तयार पॅकेजे होती आणि मूळ आशय स्वतंत्रपणे ठेवलेला नव्हता, त्यांना फ्लॅशमध्ये केलेले पाठ मुळापासून पुन्हा बांधावे लागले.