केरो (इलिनॉय) : लोकसंख्या, उत्पन्न व वांशिक रचना

अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकाला, ओहायो व मिसिसिपी नद्यांच्या संगमावर वसलेले लहान शहर. अलेक्झांडर काउंटीचे (जिल्ह्यासारख्या विभागाचे) मुख्य ठिकाण. नाव इजिप्तच्या राजधानीचे, पण तिथले लोक ‘कैरो’ म्हणत नाहीत, ‘केरो’ म्हणतात. शहराला बांधांचा वेढा आहे. पूर चढला की उत्तरेच्या रस्त्यावरचा पोलादी दरवाजा खाली सोडतात आणि गावाचे बेट होते.

१९२० च्या जनगणनेत येथे १५,२०३ लोक होते. पुढे हा आकडा कधीच गाठला गेला नाही. १९६० मध्ये ९,३४८, १९७० मध्ये ६,२७७, २००० मध्ये ३,६३२ आणि २०२० मध्ये १,७३३. शंभर वर्षांत जवळपास नऊ माणसांमागे एक उरला.

गावाचे पोट मालाच्या चढ-उतारावर होते. रेल्वेचे डबे फेरीबोटीवर चढवून ओहायोपार नेत. १८८९ मध्ये पूल झाला आणि ते काम गेले. नंतर रस्त्यांचेही पूल झाले, आंतरराज्य महामार्ग ५७ तर गावाला वळसा घालूनच गेला. मात्र सगळा दोष पुलांवर टाकला, तर केरोची निम्मीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल.

अमेरिकेच्या यादवी युद्धात येथे संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या सैन्याचा तळ होता. गुलामगिरीतून सुटलेली कृष्णवर्णीय कुटुंबे त्याच्या आश्रयाला आली आणि बरीच येथेच राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी गावात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वस्ती त्यांची होती. नोकऱ्या आणि सत्ता मात्र गोऱ्यांच्या हाती. १९०९ मध्ये हजारोंच्या जमावाने विल्यम जेम्स या कृष्णवर्णीयाला ठार मारले. १९६० च्या दशकात पोहण्याचा तलाव सर्वांना खुला करा, अशी मागणी झाली, तेव्हा तो बंद करण्यात आला आणि पुढे काँक्रीट ओतून बुजवला. १९६७ मध्ये एका तरुण कृष्णवर्णीय सैनिकाचा कोठडीत मृत्यू झाला व दंगे उसळले. १९६९ पासून कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला, तो काही वर्षे चालला. कृष्णवर्णीय नोकर ठेवण्यापेक्षा अनेक दुकानदारांनी दुकानालाच कुलूप लावले. १९६० ते १९७० या दहा वर्षांत गावातला तिसरा हिस्सा कमी झाला.

पुढचे आकडे वाचताना गफलत होऊ शकते. कृष्णवर्णीयांचे प्रमाण २००० मध्ये ६१.७ टक्के होते, २०१० मध्ये ६९.६ टक्के. वाचणाऱ्याला वाटावे, त्यांची वस्ती वाढली. डोकी मोजली तर ते सुमारे २,२४० वरून १,९७० वर आले होते. गोरे त्याहून वेगाने गेले : सुमारे १,३०० वरून ७९० वर. टक्का चढला तो दुसरी बाजू अधिक लवकर रिकामी झाली म्हणून.

२००० च्या जनगणनेनुसार केरोतील कुटुंबाचे मध्यक वार्षिक उत्पन्न (निम्म्या कुटुंबांचे ज्याहून कमी व निम्म्यांचे जास्त, असा मधला आकडा) २१,६०७ डॉलर होते. इलिनॉयचे ४६,५९०, म्हणजे दुपटीहून जास्त. ३३.५ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, अठरा वर्षांखालील मुलांत तर जवळजवळ निम्मे. उत्पन्नाचे त्यानंतरचे आकडे नमुना पाहणीतून येतात. एवढ्या लहान गावात नमुन्यात मोजकीच घरे सापडतात, त्यामुळे एका वर्षाच्या चढउतारावरून गाव सावरले की खचले, हे ठरवू नये.

शेवटचा मोठा धक्का घरांचा. एल्मवुड व मॅकब्राइड या सरकारी वसाहती राहण्यालायक उरल्या नाहीत, म्हणून त्या रिकाम्या करण्याचा निर्णय केंद्रीय गृहनिर्माण खात्याने २०१७ मध्ये जाहीर केला. सुमारे ४०० रहिवाशांना भाड्यासाठी व्हाउचर मिळणार होते, पण गावात भाड्याने घेण्याजोगी घरेच फारशी नव्हती. अनेकांना मुलांच्या शाळा सोडवून परगावी जावे लागले. २०१० ते २०२० या काळात अलेक्झांडर काउंटीची लोकसंख्या ३६ टक्क्यांहून अधिक घटली. टक्केवारीने पाहता त्या दशकात अमेरिकेतल्या कुठल्याही काउंटीत एवढी घट झाली नाही.