पाळण्यातले पाय आणि पहिला सामना

पहिल्याच सामन्यात चमकला की पोरगा मोठा होणारच, हे नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर दर मोसमात ऐकू येतं. म्हणे मुलाचे पाय पाळण्यात! बेसबॉलमधला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बोबो हॉलोमन बघा. ६ मे १९५३ला मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेत, प्रथमच सामन्याच्या सुरुवातीपासून चेंडू हाती मिळाला आणि पठ्ठ्याने प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट, म्हणजे फलंदाजाला सुखरूप बेसवर पोचवणारा फटका, मिळू दिली नाही. पण स्ट्राइकआउट (पिचरने तीन स्ट्राइकवर स्वतः बाद केलेले फलंदाज) फक्त ३, वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट दिलेले बेस) ५. म्हणजे चेंडू बॅटवर येत होते, क्षेत्ररक्षक सांभाळून घेत होते. पिचरची खरी परीक्षा या दोन आकड्यांत असते. नवख्याचा चेंडू फलंदाजांनी पाहिलेला नसतो. तो फायदा लवकरच सरतो. हॉलोमनचे एकूण विजय ३, आणि मेजर लीगमधली कारकीर्द त्याच वर्षी आटोपली. आपला लेगस्पिनर नरेंद्र हिरवाणी? पदार्पणाच्या कसोटीत १६ बळी, अख्ख्या कसोटी कारकिर्दीत ६६.