स्ट्रमॅश म्हणजे धुमश्चक्री, मग स्टुशी म्हणजे काय?

कॉर्नर किक आली. गोलपोस्टसमोर दहा-बारा जणांची झुंबड, पायात पाय, गोलकीपर आडवा आणि चेंडू कुठे आहे ते कुणालाच दिसत नाही. स्कॉटलंडमध्ये याला 'स्ट्रमॅश' म्हणतात, जोर 'मॅश'वर. 'स्कॉटस्पोर्ट' हा टीव्ही कार्यक्रम तीन दशकांहून अधिक काळ सादर करणारे, चौकड्यांचे भडक कोट घालणारे आर्थर माँटफर्ड यांनी हा शब्द घरोघरी पोचवला. 'व्हॉट अ स्ट्रमॅश!' म्हटलं की जुन्या प्रेक्षकांना आजही तेच आठवतात.

आता 'स्टुशी'. एखादा मंत्री नको ते बोलून जातो, विरोधक तुटून पडतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा येतो: अमक्यावरून स्टुशी. एडिंबरोच्या संसदेतल्या खडाजंगीवर लिहिणाऱ्यांचा हा लाडका शब्द. यात कुणी कुणाच्या अंगावर जायची गरज नसते, आणि बऱ्याचदा मूळ गोष्ट राईएवढीच असते.

कोशात दोन्हींपुढे 'गोंधळ, गलका' असाच अर्थ दिसतो, म्हणून घोटाळा होतो. बोलतानाही लोक सरमिसळ करतात. पण मला विचाराल तर स्ट्रमॅश म्हणजे आपली धुमश्चक्री आणि स्टुशी म्हणजे गदारोळ. सरळ हाणामारी झाली, तर ग्लासगोकरांकडे 'रॅमी' आहे, तो राडा.

व्युत्पत्तीत मात्र स्टुशीने कोशकारांना दाद दिलेली नाही. स्टूशी, स्टिशी, स्टॅशी अशी रूपं सापडतात, मूळ सापडत नाही. स्ट्रमॅश 18व्या शतकाच्या अखेरीपासून छापील मजकुरात दिसतो. तो धडाडधूमसारखा ध्वनीवरूनच घडला असावा, असं कोशकार मानतात. जुन्या वापरात त्याला मोडतोड, चक्काचूर असाही अर्थ होता, म्हणजे धक्काबुक्की त्याच्या रक्तातच आहे.

याच कुळातला 'कॉलीशँगी' मला सगळ्यांत आवडतो. व्हिक्टोरिया राणीने हायलँड्समधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, आपल्या रोजनिशीत तो वापरलाय. तिचा कुत्रा शार्प सोबत असायचा, आणि वाटेत झोपड्या लागल्या की तिथल्या कॉली कुत्र्यांशी त्याची जुंपायची. खाली राणीची तळटीप: शब्द भांडणाचा, पण आलाय कुत्र्यांच्या झोंबाझोंबीवरून.