श्रोत्याने पुरी केलेली वाक्ये

छापील मजकूर वाचणाऱ्याला मागचे पान उलटता येते, भाषण ऐकणाऱ्याला ती सोय नसते. कानावर पडलेले शब्द कार्यकारी स्मृतीत काही सेकंदच टिकतात आणि तेवढ्यात त्यांचा अर्थ लागला नाही तर ते निसटून जातात. आवृत्ती म्हणजे त्याच शब्दांची पुनरुक्ती, परस्परविरुद्ध पदांची जोडी, तीन घटकांची चढती मांडणी यांसारख्या वक्तृत्वशास्त्रातील युक्त्या स्मृतीच्या या मर्यादेशी जुळवून घेतच घडल्या आहेत. स्वातंत्र्य आणि वंशसमता यांविषयीच्या अमेरिकेतील भाषणांत मात्र या युक्त्यांवर याहून मोठे काम सोपवलेले दिसते. ज्या राष्ट्राने 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सर्व माणसे समान असल्याचे मान्य केले आणि व्यवहारात लक्षावधी माणसांना गुलामीत ठेवले, त्या राष्ट्राला त्याच्याच शब्दांपुढे उभे करणे, हे ते काम होय. वक्ता नवे तत्त्व शिकवत नाही. श्रोत्याने आधीच मान्य केलेल्या तत्त्वातून निघणारा निष्कर्ष तो श्रोत्यालाच काढायला लावतो.

28 ऑगस्ट 1963 रोजी वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवरून मार्टिन ल्यूथर किंग बोलले, तेव्हा समोर सुमारे अडीच लाखांचा समुदाय होता. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याला त्या वर्षी शंभर वर्षे पूर्ण झाली होती. किंग यांनी प्रथम त्या जाहीरनाम्याचा गौरव केला आणि लगेच ‘शंभर वर्षांनंतर’ या शब्दांनी सुरू होणारी चार विधाने एकापुढे एक मांडली. शंभर वर्षांनंतरही कृष्णवर्णीय माणूस स्वतंत्र नाही. शंभर वर्षांनंतरही विभक्तीकरणाच्या, म्हणजे वर्णावरून माणसांना वेगळे ठेवण्याच्या, बेड्यांनी त्याचे जीवन जखडलेले आहे. शंभर वर्षांनंतरही तो समृद्धीच्या महासागरात दारिद्र्याच्या एकाकी बेटावर राहतो. शंभर वर्षांनंतरही तो आपल्याच भूमीत निर्वासित आहे. पहिले विधान कोरडे आहे, दुसऱ्यात शरीर येते, तिसऱ्यात भूगोल आणि चौथ्यात घर हरवल्याची जाणीव. आरंभीचे शब्द ठरलेले असल्यामुळे श्रोत्याला त्यांवर लक्ष खर्च करावे लागत नाही, आणि त्यामुळे शिल्लक राहिलेले सारे लक्ष वाक्यातील नव्या भागावर, म्हणजे वाढत जाणाऱ्या अन्यायावर, केंद्रित होते.

त्यानंतर येणारे रूपक सावकारी व्यवहारातले आहे. स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटना लिहिणाऱ्यांनी एका वचनचिठ्ठीवर सही केली, तिचा वारसा प्रत्येक अमेरिकन नागरिकाकडे आला, पण कृष्णवर्णीयांच्या हाती न वटणारा धनादेश पडला, असे किंग म्हणतात. या रूपकाची निवड मला विलक्षण अचूक वाटते, कारण ते मागणीचे स्वरूपच पालटून टाकते. हक्क मागणारा माणूस याचक राहत नाही, तो धनको होतो. आणि त्याला दया दाखवायची की नाही हा प्रश्न बाजूला पडून, दिलेला शब्द पाळायचा की नाही हा प्रश्न उरतो. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वातील युक्तिवादाचे वर्णन करताना हेच वैशिष्ट्य सांगितले होते, की अनुमानाची एखादी पायरी वक्ता न बोलता सोडून देतो आणि श्रोता ती स्वतःच्या समजुतीतून भरून काढतो. थकलेले देणे फेडलेच पाहिजे हे वाक्य किंग उच्चारत नाहीत, कारण ते प्रत्येक श्रोत्याच्या मनात आधीपासून आहे.

‘माझे एक स्वप्न आहे’ हा भाषणाचा सर्वांत प्रसिद्ध भाग लिखित मसुद्यात नव्हता. जवळच असलेल्या गायिका महालिया जॅक्सन यांनी स्वप्नाबद्दल सांगण्याची हाक दिली, अशी आठवण किंग यांचे सहकारी क्लॅरन्स जोन्स यांनी सांगितली आहे. मात्र स्वप्नाची ही मांडणी त्या क्षणी सुचलेली नव्हती. 1962 मध्ये रॉकी माउंट येथे आणि 1963 च्या जूनमध्ये डेट्रॉइट येथे त्यांनी ती वापरली होती. वक्त्याच्या प्रत्येक ओळीला श्रोत्यांनी मोठ्याने दाद देण्याची कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील परंपरा हीच अशा भाषणांची प्रयोगशाळा होती, आणि कोणती ओळ कुठे पोचते हे धर्मोपदेशक असलेल्या किंग यांना तिथे आठवड्यामागून आठवडे पारखता येत होते.

शेवटच्या भागाकडे मात्र द्यावे तितके लक्ष दिले जात नाही. तिथे किंग एका देशभक्तिपर गीताची ओळ उचलतात आणि स्वातंत्र्याचा नाद कोणकोणत्या पर्वतांवरून घुमावा याची यादी सुरू करतात. न्यू हॅम्पशायर, न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनिया, कोलोरॅडो, कॅलिफोर्निया ही नावे येतात, त्यांतल्या कशालाच कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही, आणि प्रत्येक नावागणिक समुदाय लयीत ओढला जातो. मग ‘एवढेच नव्हे’ असे म्हणून ते विभक्तीकरण पाळणाऱ्या दक्षिणेकडे वळतात आणि जॉर्जियातील स्टोन माउंटनचे नाव घेतात. कू क्लक्स क्लॅन ही वर्णद्वेषी संघटना 1915 मध्ये याच पर्वतावर नव्याने उभी केली गेली होती. त्यापाठोपाठ टेनेसी येते आणि मग मिसिसिपीतील प्रत्येक टेकडी. वाक्याचा साचा तोच राहतो, लयही तीच राहते. म्हणून पाच वेळा मान डोलावलेल्या श्रोत्याला सहाव्या वेळी थांबायचे असेल तर त्यासाठी कारण शोधावे लागते, आणि बाकी देशाला लागू असलेले तत्त्व जॉर्जियाला का लागू नसावे याचे प्रामाणिक उत्तर त्याच्यापाशी नसते.

अशा रचनांचा परिणाम मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत. जॉन हेरिटेज आणि डेव्हिड ग्रेटबॅच या समाजशास्त्रज्ञांनी ब्रिटिश पक्षांच्या 1981 च्या अधिवेशनांतील 476 भाषणे तपासली, तेव्हा टाळ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश टाळ्या विरोधी जोड्या, याद्या यांसारख्या मोजक्या रचनांपाठोपाठ आल्याचे आढळले. एकट्याने टाळी वाजवण्याची प्रत्येकाला धास्ती असते; वाक्याचा शेवट आधीच ओळखता आला की सारे एकाच क्षणी दाद देऊ शकतात. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जर्मन राजकीय भाषणे ऐकणाऱ्यांच्या मेंदूंचे एफएमआरआय, म्हणजे मेंदूतील क्रिया टिपणारे, चित्रण करण्यात आले, आणि प्रभावी भाषणे ऐकताना वेगवेगळ्या श्रोत्यांच्या मेंदूंतील क्रियेचे चढउतार एकमेकांशी अधिक जुळत असल्याचे दिसले.

मेंदू असे जुळले म्हणून सांगितलेली गोष्ट न्याय्य ठरत नाही. एखादे विधान पुन्हा ऐकले की ते अधिक खरे वाटू लागते, हे 1977 पासून प्रयोगांनी वारंवार दिसून आले आहे, आणि हा परिणाम खऱ्या विधानापुरता मर्यादित नाही. वॉशिंग्टनच्या सभेआधी सात महिने, 14 जानेवारी 1963 रोजी, अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी शपथविधीच्या भाषणात आज, उद्या आणि सर्वकाळ विभक्तीकरणच राहील अशी घोषणा केली. तीन घटक, आरंभी तोच शब्द, चढती मांडणी: रचनेत उणे काढायला जागा नाही. फरक असा की वॉलेस यांची आवृत्ती श्रोत्याकडून काहीच मागत नाही, ती त्याच्या मनातील भिंत आणखी उंच करते. किंग यांची आवृत्ती त्याला त्यानेच दिलेल्या वचनाचा हिशेब विचारते.

हिशेब विचारण्याची ही रीत किंग यांच्या शंभरहून अधिक वर्षे आधीची आहे. गुलामीत जन्मलेले आणि 1838 मध्ये तिथून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांना रॉचेस्टर येथे स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने 5 जुलै 1852 रोजी भाषणासाठी बोलावले होते. त्यांनी आधी राष्ट्रसंस्थापकांचा मनापासून गौरव केला, पण सर्वनामे काळजीपूर्वक राखली: तुमचे पूर्वज, तुमचे स्वातंत्र्य, तुमचा सण. ‘आपले’ हा शब्द अपेक्षित असताना तो येत नाही, आणि ही उणीव श्रोत्यांना टोचू लागल्यावरच ते उघडपणे सांगतात, की हा दिवस तुमचा आहे, माझा नाही. गुलाम हा माणूस आहे हे सिद्ध करायला त्यांनी नकार दिला आणि व्हर्जिनियाच्या कायद्यांकडे बोट दाखवले. तिथे 72 गुन्ह्यांसाठी कृष्णवर्णीयाला मृत्युदंड होता, त्यांपैकी केवळ दोन गुन्ह्यांसाठी तो गौरवर्णीयाला होता. ज्याला आपल्या कृत्यांची जबाबदारी कळते त्यालाच शिक्षा देता येते. म्हणजे गुलामाचे माणूसपण मालकांच्या कायद्यानेच मान्य केले होते.

यासाठी अलंकारांची रेलचेल लागतेच असे नाही. मिसिसिपीच्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या फॅनी लू हेमर यांनी 22 ऑगस्ट 1964 रोजी डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीपुढे मतदार म्हणून नाव नोंदवण्याच्या प्रयत्नाची आणि तुरुंगात झालेल्या मारहाणीची हकिकत साध्या, क्रमवार शब्दांत सांगितली आणि शेवटी हीच का ती अमेरिका, स्वतंत्रांची भूमी, असा राष्ट्रगीताच्या शब्दांत प्रश्न विचारला. त्यांच्यावरून कॅमेरे हटावेत म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकारांसमोर येण्याची वेळ साधली, पण वाहिन्यांनी ती साक्ष रात्री दाखवलीच.

त्याच जॉन्सन यांनी, अलाबामातील सेल्मा येथे शांततेने निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी हल्ला केल्यानंतर आठ दिवसांनी, 15 मार्च 1965 रोजी संसदेच्या संयुक्त बैठकीत मताधिकाराच्या कायद्याची मागणी केली. डग्लस आणि किंग यांनी राष्ट्रसंस्थापकांचे शब्द उचलले होते. या वेळी राष्ट्राध्यक्षांनी चळवळीच्या गीताचे शब्द उचलले आणि ‘आम्ही यावर मात करू’ असे म्हटले. मताधिकार कायद्यावर त्यांची सही 6 ऑगस्ट 1965 रोजी झाली.