पार्श्वभूमी : हात न जाणारी बाटली आणि ‘क्षार’ या शब्दाचा घोळ

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी नाशिकच्या घरांत फारशी न दिसणारी एक वस्तू आता खिडक्याखिडक्यांत दिसते. वाइनच्या रिकाम्या बाटलीत लावलेला मनीप्लांट. पिंपळगाव बसवंतला ऐंशीच्या दशकात वाइनचा प्रयोग झाला होता, पण बाटल्या घरोघर पोचल्या त्या २००१ मध्ये राज्याचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आल्यानंतर. वायनरी वाढल्या, पाहुण्यांना तिकडे फिरवून आणायची पद्धत पडली आणि परतताना हातात आलेली हिरवी, जाड बुडाची बाटली भंगारवाल्याला द्यायला जीव होईना. तिच्या तोंडाचा आतला व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. बोट जेमतेम जाते, हात नाहीच. बुडाला आतून उंचवटा, म्हणजे भोवती खोबण. काच गडद असल्याने आत काय साचले आहे तेही दिसत नाही. दिसते तेव्हा मुळांना शेवाळ लागलेले असते आणि पाण्याच्या रेघेवर पांढरे कडे चढलेले असते. अशी बाटली आतून स्वच्छ कशी करायची, हा इथला प्रश्न.

त्याआधी आपल्या घरांत हात न जाणारे भांडे अपवादानेच असे. लोणच्याची बरणी, तांब्या, कळशी, सगळ्यांत हात जातो, निदान मुलाचा तरी. गुलाबदाणी आणि अत्तरदाणी होत्या, पण त्या सणासमारंभाच्या आणि बहुतेक चांदी-पितळेच्या. मोगल अमदानीत या शहराला गुलशनाबाद म्हणत, म्हणून घरोघरी काचेच्या फुलदाण्या होत्या असे मात्र नव्हे. फुले वेणीत, हारात आणि देव्हाऱ्यात जात. दांडीसकट पाण्यात उभी करायची सवय बरीच नंतरची. मोहाडी-जानोरीकडच्या पॉलिहाऊसमधले लांब दांड्याचे गुलाब बाजारात दिसू लागल्यावर ती मध्यमवर्गात पक्की झाली.

त्या काळी घरात स्वच्छ करायची काच म्हणजे कंदिलाची काच. तळेगाव दाभाड्याला लोकांच्या एकेका पैशाच्या वर्गणीतून काचेचा कारखाना उभा राहिला तो १९०८ मध्ये. कऱ्हाडजवळ ओगल्यांचा, ज्याच्या नावाची पुढे ओगलेवाडी झाली, तो १९१६ मध्ये, आणि तिथला कंदील महाराष्ट्रभर गेला. दिवेलागणीच्या आधी चुलीतली राख आणि चिंधी घेऊन काजळी पुसायचे काम घरातल्या लहान हाताचे. पण ती काच दोन्हीकडून उघडी असते. राख आणि चिंधी पुरते ती त्यामुळे. बंद बुडाच्या बाटलीला हीच युक्ती लावली की चिंधी आत राहते. आमच्या घरी एक अशी बाटली कित्येक वर्षे माळ्यावर होती, चिंधीसकट.

बाटली खऱ्या अर्थाने घरात आली ती दवाखान्यातून. साठ-सत्तरच्या दशकांत जुन्या नाशकात डॉक्टरकडे जाताना घरून बाटली न्यायची. कंपाउंडर तिच्यात गुलाबी नाहीतर तपकिरी मिक्स्चर ओतायचा आणि बाहेरून डोसाच्या खुणा कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. बाटली धुतलेली असावी ही जबाबदारी पेशंटची. काल जिच्यात एरंडेल होते ती आज खोकल्याच्या औषधाला न्यायची म्हणजे धुणे काही शोभेचे काम नव्हते. थोडे खडे मीठ किंवा मूठभर तांदूळ, पाणी, अंगठ्याने तोंड दाबून खळखळवायचे. वास गेला का हे हुंगून ठरे. काही घरांत गोदावरीची वाळू वापरत. तिच्याबद्दल पुढे.

युरोपात हीच अडचण आधी आली आणि महागात पडली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये लांब रबरी नळीच्या काचेच्या दूधबाटल्या निघाल्या. आई कामात असली तरी बाळ पडल्या पडल्या दूध ओढे, म्हणून त्या लोकप्रिय झाल्या. नळी आतून धुता येत नसे, दूध आत सडे. पुढे त्यांना ‘खुनी बाटल्या’ असे नाव पडले. त्यावर तोडगा निघाला तो ब्रशचा नव्हे. १९०० च्या सुमारास दोन्ही टोकांना उघडी असलेली होडीसारखी बाटली आली, तिच्यातून पाण्याची धार आरपार जाई. कंदिलाच्या काचेचेच तत्त्व. दारूच्या बाटल्या धुवायला तिकडे शिशाचे छर्रे घालून हलवत. शिसे मऊ, जड आणि गोल, त्यामुळे काचेवर ओरखडा नाही आणि घासणी मात्र चांगली. पण एखादा छर्रा बुडाच्या खोबणीत अडकून राही आणि आंबट वाइनमध्ये शिसे विरघळे. त्यातून विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. आज डिकँटरसाठी (वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईसाठी) स्टेनलेस स्टीलचे छर्रे मिळतात ते त्याचेच निर्धोक रूप. सायकलच्या दुकानातले छर्रे त्याऐवजी वापरू नयेत. ते गंजतात आणि पातळ काचेला टणकन लागतात.

आता मुख्य घोळ. बाटलीच्या आतल्या पांढऱ्या थराला आपण काय म्हणतो? क्षार. ‘बोअरच्या पाण्यात क्षार फार आहेत.’ आणि तो काढायला काय घालतो? सोडा, पापडखार, राख. म्हणजे पुन्हा क्षारच. मळाचे आणि औषधाचे नाव एकच असल्यावर बाटली स्वच्छ कशी व्हायची?

या शब्दाला निदान तीन अर्थ आहेत आणि तिन्ही जिवंत आहेत. सर्वांत जुना आयुर्वेदातला. आघाडा, पळस, केळ असल्या वनस्पती जाळायच्या, राख पाण्यात कालवून पुन्हा पुन्हा गाळायची, पाणी आटवायचे. राहतो तो क्षार. तीक्ष्ण, जाळणारा. भगंदरावर वैद्य अजून वापरतात ते क्षारसूत्र, म्हणजे क्षार लावलेला दोरा, याच अर्थाचे. घरातला ‘खार’ त्याचाच धाकटा भाऊ: पापडखार, सज्जीखार. बुलढाण्यातल्या लोणारच्या सरोवरातून पूर्वी काढत तो खारही याच कुळातला. तेलकटावर हे सगळे रामबाण, कारण ते चरबीचा साबण करतात. एरंडेलाची बाटली राखेच्या निवळीने स्वच्छ होई ती त्यामुळेच.

दुसरा अर्थ शाळेतला. मराठी माध्यमात शिकलेल्या प्रत्येकाला पाठ आहे: आम्ल अधिक आम्लारी बरोबर क्षार अधिक पाणी. इथे क्षार म्हणजे तीक्ष्ण पदार्थ नव्हेच; आम्ल आणि आम्लारी एकमेकांना मारून जे उरते ते. हिंदीत याच पदार्थाला लवण म्हणतात आणि क्षार हा शब्द जुन्याच, राखेच्या अर्थाने ठेवला आहे. म्हणजे सीमा ओलांडली की शब्द उलटा होतो. हिंदी व्हिडिओ पाहून मराठीत सफाईच्या टिपा लिहिणारे इथेच गडबडतात. पाठ्यपुस्तकाची बाजू घ्यायची तर लवण म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे फक्त मीठ येते, हे खरे. पण दीड-दोन हजार वर्षे दाहक पदार्थाला वापरलेला शब्द उचलून निष्प्रभ पदार्थाला देणे ही निवड मला कधीच पटलेली नाही.

तिसरा अर्थ नळाखालचा. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियम. इथे एक स्थानिक बाब आहे. नाशिक महापालिकेचे पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचे, पावसाचे साठवलेले, त्यामुळे बऱ्यापैकी सुफेन, म्हणजे मऊ. पण शहर पाथर्डी फाटा, आडगावकडे पसरले तसे अनेक सोसायट्यांत वापरायला बोअरचे पाणी आले. ते बेसाल्टच्या भेगांतून येते आणि जड असते. (त्याच बेसाल्टच्या पोकळ्यांत नाशिक जिल्ह्याची प्रसिद्ध झिओलाइट खनिजे सापडतात, आणि कारखान्यात केलेले झिओलाइट कपड्यांच्या पावडरीत पाणी मऊ करायला घालतात. खडक एकच, गुण दोन.) जुन्या वाड्यातून फ्लॅटमध्ये आलेल्या सासूबाईंची मिठाची युक्ती सुनेच्या फुलदाणीत चालेना, यात युक्तीचा दोष नव्हता, पाणी बदलले होते.

या तिसऱ्या क्षाराचा थर म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. त्याला आम्ल लागते: लिंबू, व्हिनेगर, किराणा दुकानातले लिंबूसत्त्व. कोमट पाण्यात चमचाभर घालून रात्रभर ठेवले की थर सुटतो, घासावेही लागत नाही. धुण्याचा सोडा मात्र जड पाण्यातले कॅल्शियम खाली बसवतो. कपड्यांना ते फायद्याचे, कारण पाणी मऊ होते; बाटलीत त्याचा अर्थ पांढऱ्यावर आणखी पांढरे.

तरी सध्या सर्वांत जास्त फिरणारा उपाय म्हणजे खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र. फेस पाहून मन भरते. पण सोडा आणि आम्ल एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे सोडियम ॲसिटेटचे पाणी राहते, शाळेतल्या अर्थाने एक क्षार! बुडबुड्यांनी सैल गाळ थोडा हलतो, एवढेच. दोन्ही हवेत तर आधी एक, मग धुऊन दुसरे. यात टॉयलेटचे ॲसिड आणि ब्लीच यांचा प्रयोग तर कधीच नको. दोघांच्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. पूर्वी प्रयोगशाळांत ब्युरेट (द्रव मोजायची काचेची नळी) धुवायला क्रोमिक आम्ल वापरत. क्रोमियमच्या विषारीपणामुळे तेही बऱ्याच ठिकाणी बंद झाले.

रेड वाइनचा डाग ही वेगळी गंमत. त्यातला रंग सोड्याच्या पाण्यात निळा-हिरवा होतो आणि बाटली आणखी घाण झाल्यासारखी वाटते. तळाचे खडे द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे (शाळेतल्या अर्थाने), ते गरम पाण्यात विरघळतात. पाणी गरम म्हणजे उकळते नव्हे. जाड बुडाची साधी काच एका जागी एकदम तापली की तडकते.

आता वाळू. काचेचा कठीणपणा मोह्जच्या मापावर (खनिजांचा कठीणपणा सांगणारी एक ते दहाची पट्टी) साधारण साडेपाच, वाळूतल्या क्वार्ट्झचा सात. मिठाचा अडीच, अंड्याच्या टरफलाचा तीन. वाळूने बाटली स्वच्छ होते, पण प्रत्येक वेळी आत बारीक चरे पडतात आणि पुढचा मळ त्यांतच धरतो. चुलीच्या राखेतही मातीचे कण असतात, म्हणून ती वस्त्रगाळ करूनच घ्यायची असे जुन्या बायका सांगत. शाकाहारी घरात टरफले कुठून येणार हा प्रश्न नाशकात हमखास निघतो. खडे मीठ तेच काम करते, फक्त पाणी कमी घालायचे, नाहीतर घासण्याआधीच ते विरघळते.

अलीकडे या विषयात आरोग्य खाते आले आहे. पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की पथके घरोघर फिरतात आणि फ्रिजमागच्या ट्रेनंतर त्यांची नजर मनीप्लांटच्या बाटलीवर जाते. आठवड्याला पाणी बदलतो, असे घरातले सांगतात, आणि ते खरेही असते. पण एडिस डासाची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेघेच्या जरा वर, ओलसर काचेला चिकटवून. पाणी ओतून दिले तरी ती तिथेच राहतात, कोरडी पडूनही काही महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. म्हणून नुसते विसळणे पुरत नाही, आतून घासावे लागते. बाळाच्या बाटलीचा वाकडा होणारा ब्रश त्याला पुरतो. पांढरे कडे असलेल्या खडबडीत काचेवर अंडी डोळ्यांना दिसतही नाहीत, तेव्हा कडे आधी लिंबूसत्त्वाने काढायचे आणि मग ब्रश फिरवायचा.

लिंबूसत्त्वानेही न जाणारा, ओली असताना नाहीसा होऊन वाळल्यावर परत येणारा धुरकटपणा मात्र थर नसतो. वर्षानुवर्षे पाणी साठून राहिल्याने किंवा तीव्र सोड्यात बुडवल्याने काचेचा पृष्ठभागच झिजलेला असतो. त्यावर घरगुती उपाय नाही. ती बाटली सुक्या फुलांना ठेवावी.