वेल्डिंग हेल्मेटची निवड

विद्युत आर्कने धातू जोडताना निघणारा प्रखर प्रकाश, जंबुपार व अवरक्त किरण आणि उडणारा वितळलेला धातू यांपासून डोळे, चेहरा व मान यांचे रक्षण करणारे, डोक्यावर चढवण्याचे आवरण म्हणजे वेल्डिंग हेल्मेट. जंबुपार किरणांनी बुबुळावरील पारदर्शक पटल भाजते. ही इजा लगेच कळत नाही. काम आटोपून घरी गेल्यावर, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते, पाणी वाहते आणि दिव्याकडे पाहवत नाही. हा त्रास बहुतेकदा एक-दोन दिवसांत ओसरतो, परंतु तीव्र निळ्या प्रकाशाने दृष्टिपटलाला होणारी इजा आणि अवरक्त किरणांच्या दीर्घ संपर्काने येणारा मोतीबिंदू आपोआप बरे होत नाहीत.

काळ्या काचेवरचा क्रमांक हा ती किती गडद आहे याचा निर्देशक असतो. 10 क्रमांकाची काच दृश्य प्रकाशाच्या दहा हजार भागांपैकी जेमतेम दीड भाग आत सोडते, आणि क्रमांक एकाने वाढला की आत येणारा प्रकाश आधीच्या सुमारे 37 टक्क्यांवर येतो. म्हणून 10 आणि 11 यांतला फरक कागदावर किरकोळ वाटला, तरी डोळ्यांना चांगलाच जाणवतो. 3.15 मिमी. जाडीच्या रॉडने शंभर-सव्वाशे अँपिअरवर काम करताना साधारणपणे 10 किंवा 11 क्रमांक योग्य ठरतो. गॅस वेल्डिंगला 5 च्या आसपासची काच पुरते. आधी जास्त गडद काच लावून पाहावी आणि वितळलेल्या धातूचे डबके व त्याच्या कडा स्पष्ट दिसेपर्यंत, मात्र त्या कामासाठी ठरलेल्या किमान क्रमांकाच्या खाली न जाता, ती फिकी करत जावी, हा रूढ नियम आहे.

काच जितकी काळी तितके डोळे सुरक्षित, हा समज पुरता खरा नाही. ग्रिलच्या कारखान्यात चौकटीला टाके मारणाऱ्या कारागिराकडे पाहिले की कारण कळते : साध्या काळ्या काचेतून आर्क पेटण्यापूर्वी काहीच दिसत नसल्यामुळे तो हातातली ढाल बाजूला धरून रॉडचे टोक जागेवर नेतो, डोळे मिटतो किंवा मान फिरवतो आणि टाका मारतो. दिवसभरात असे शेकडो टाके पडतात, आणि प्रत्येक वेळी डोळे वेळेवर मिटतातच असे नाही.

ही अडचण आपोआप काळ्या होणाऱ्या काचेने दूर केली. स्वीडनमध्ये 1981 साली असे हेल्मेट बाजारात आले. त्यात ध्रुवणकारी पापुद्र्यांमध्ये द्रव स्फटिकाचा थर असतो. पुढचे संवेदक आर्क टिपताच काच 3 किंवा 4 या फिक्या क्रमांकावरून सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात, काही हेल्मेटांत त्याहूनही लवकर, गडद होते. जंबुपार व अवरक्त किरण अडवण्याचे काम वेगळा कायमचा थर करतो, त्यामुळे मानकानुसार बनवलेल्या हेल्मेटची बॅटरी संपली तरी त्या किरणांपासूनचे रक्षण टिकते. प्रखर दृश्य प्रकाशाला मात्र पुरेशी आडकाठी उरत नाही.

अशा हेल्मेटची निवड करताना संवेदकांची संख्या महत्त्वाची असते. पाइपाच्या आड वाकून काम करताना दोनपैकी एखादा संवेदक झाकला गेला, तर मध्येच काच फिकी पडून डोळ्यांसमोर लखलखाट होतो; तेथे चार संवेदकांचे हेल्मेट बरे. कमी अँपिअरच्या टिग वेल्डिंगचा (टंगस्टनच्या न वितळणाऱ्या काडीने, निष्क्रिय वायूच्या आवरणात केलेल्या वेल्डिंगचा) क्षीण आर्क स्वस्त हेल्मेटला कधीकधी ओळखूच येत नाही. युरोपातील ई.एन. 379 या मानकात काचेची प्रतवारी 1/1/1/1 अशा चार आकड्यांनी दाखवत. ते अनुक्रमे प्रतिमेची शुद्धता, प्रकाशाचे विखुरणे, गडदपणाचा सारखेपणा आणि तिरपे पाहताना पडणारा फरक यांचे असून प्रत्येकात 1 ही सर्वोत्तम व 3 ही सर्वांत कमी प्रत होय. पाइपावर वाकडी मान करून काम करणाऱ्याने शेवटचा आकडा आवर्जून पाहावा.

धूसर दिसू लागले की पुष्कळांचा संशय मुख्य काचेवर जातो. प्रत्यक्षात बहुधा तिच्या बाहेरची स्वस्त पांढरी, म्हणजे पारदर्शक, काच ठिणग्यांनी खडबडीत झालेली असते आणि तेवढीच बदलावी लागते. पाठीमागे खिडकी किंवा दिवा असल्यास त्याचा प्रकाश हेल्मेटमध्ये शिरून आतल्या बाजूने काचेवर चमकतो. तेव्हा डोक्यामागे जाड कापडाचा पडदा सोडतात.